तांबडी शेळी दिसली का?

बालाघाटच्या डोंगरात एकटीनं चार दिवस चालून आले, हे कळलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: भीती नाही वाटली? वाटली. एकदा चांगलीच वाटली. तो प्रसंग पुढे येईलच. पण माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांना बीड जिल्ह्यात डोंगर आहेत हेच ठाऊक नव्हतं, म्हणून ते आधी सांगते. आहेत. फार उंच नाहीत, पण लांबच लांब आहेत, आणि कार्तिकात तिथे सीताफळं पिकतात.

मी नाशिकची. वय बावन्न. दुचाकी गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवते आणि वर्षातून एकदा पाठीवर सॅक टाकून एकटी चालायला जाते. म्हणजे जात असे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात असंच चालताना, एका तळ्याच्या काठी दोन माणसं बसलेली दिसली. ती माझ्याकडे बघत राहिली, इतकंच. काही घडलं नाही, तरी मी मागे फिरले, सहा किलोमीटर जवळजवळ पळत आले आणि मिळाली ती बस पकडून घर गाठलं. त्यानंतर एकटी गेलेच नाही. यंदा मनाशी ठरवलं होतं की पुन्हा अर्ध्यातून परत आले, तर हा नाद कायमचा बंद. सॅक विकायची आणि चारचौघींसारखं सहल कंपनीच्या बसमधून फिरायचं.

तयारी मात्र केली. आमच्या भागात एक मुलगी महिलांना स्वसंरक्षण शिकवते, तिच्याकडे आठ रविवार गेले. मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन कसं सोडवायचं, काठी कशी धरायची, मिरचीचा फवारा कसा मारायचा, हे सगळं तिनं शिकवलं. शेवटच्या रविवारी सगळ्यांना एकेक शिट्टी दिली. म्हणाली, "घाबरल्यावर तोंडातून आवाज फुटत नाही काकू, पण शिट्टी वाजते." मुलगी हुशार आहे. तिचं काही चुकलं नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

सौताडा

सौताड्याला विंचरणा नदी सरळ कड्यावरून खाली उडी घेते. पावसाळ्यात इथे गर्दी असते म्हणे. मी गेले तेव्हा धारेची वेणी झाली होती, बारीक आणि पांढरी, आणि खालच्या महादेवाच्या देवळात माझ्याशिवाय एक पुजारी आणि चार माकडं होती. दरीच्या दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडं. डोळे उघडलेली, हाताला मऊ लागणारी फळं मी कड्यावर बसून पाच खाल्ली. आमच्याकडे बाजारात पेटीतून येतात त्यांना ही चव नसते. इथलं फळ लहान, बियांनी भरलेलं, पण नुसतं साखर.

मग मी एक मूर्खपणा केला. फवारा चालतो की नाही ते आयत्या वेळी कळायला नको, म्हणून कड्यावरच एकदा दाबून पाहिला. बालाघाटावर वारा दरीतून वर येतो, ही गोष्ट आमच्या वर्गाच्या हॉलमध्ये कुणी सांगितली नव्हती. सगळी मिरची माझ्याच डोळ्यांत. अर्धा तास ओढ्याकाठी बसून डोळे धुतले. माकडं बघत होती. संध्याकाळी ज्यांच्याकडे मुक्काम ठरवला होता त्या शाळेतल्या बाई माझे सुजलेले डोळे पाहून हळूच म्हणाल्या, "घरचं काही दुःख आहे का?"

पठारावर

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढून पठारावर आले. इथली जमीन उघडी आहे. काळा दगड, कुसळाचं पिवळं गवत, मधूनच तुरीचा फुललेला पट्टा आणि गुडघाभर ज्वारी. आकाश फार मोठं. मला हे आवडलं. सह्याद्रीत प्रत्येक वळणाआड काय असेल ते कळत नाही, इथे दोन मैलांवरचा माणूस दिसतो. अर्थात त्यालाही आपण दिसतो.

वाटेतल्या वस्त्यांवर निम्म्या घरांना कुलपं होती. तरणी जोडपी ऊसतोडीला कारखान्यांकडे गेलेली. मागे राहिलेल्या बाया डोंगरात शेरडं घेऊन एकेकट्या फिरत होत्या. एका टेकडीवर एक, पलीकडच्या टेकडीवर दुसरी. हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेला विळा. त्याला त्या आकडी म्हणतात. बाभळीची फांदी वरच्या वर कापून शेळ्यांपुढे टाकायची. मी चार दिवसांसाठी एकटी निघाले म्हणून घरी केवढी चर्चा झाली होती, आणि या बाया रोज एकट्या निघत होत्या. त्याची बातमी कुणी केली नव्हती.

दहाच्या सुमाराला पहिली हाळी ऐकू आली. उजवीकडच्या टेकडीवरून एक खणखणीत आवाज आला, "तांबडी शेळी दिसली का गंऽऽ?"

डावीकडून उत्तर आलं, "दिसलीऽऽ! वढ्याकडं उतरलीऽऽ!"

मी ओढ्याकडेच उतरत होते. शेळी काही दिसली नाही. तासाभरानं पुन्हा तेच. या वेळी शेळी म्हणे चिंचेखाली बसली होती. मीही चिंचेखालीच बसले होते. मी उठून आजूबाजूला, झुडपांमागे, सगळीकडे पाहिलं. दुसऱ्याचं जनावर हरवलेलं असताना गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून तोंडाभोवती हात धरून ओरडले, "इथं शेळी नाहीये होऽऽ! मी बघितलं!"

दोन्ही टेकड्यांवरून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, माझ्या शहरी बोलण्याला हसल्या असतील.

ऊन उतरता उतरता एका वस्तीजवळ साठीची एक बाई वाटेत उभी होती. सडपातळ, काळीसावळी, डोक्यावर पदर, हातात आकडी. नाव समिंदराबाई. "या बसा," म्हणाली, "आज हितंच ऱ्हावा. म्होरं गाव लांब हाय." पडवीत तिची शेजारीण कांता बसली होती. पस्तिशीची, बोलण्यात फटकळ. समिंदराबाईनं हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाच्या फोडणीची, बरोबर ज्वारीची पातळ भाकरी आणि ठेचा. आमच्या घरात थंडीत बाजरी असते. ज्वारीची इतकी मऊ भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली आणि तीन खाल्ल्या.

तिसरी मोडताना मी विचारलं, "आक्का, ती तांबडी शेळी सापडली का हो?"

कांताला ठसका लागला. समिंदराबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "सापडली की. तिसरी भाकर खायलीय."

माझी सॅक लाल आहे. तरी मला समजायला थोडा वेळ लागलाच.

"सौताड्यापासनं तुमी आमच्या नजरंत हायता," कांता म्हणाली. "आन् तुमीच वरडताय, हितं शेळी न्हाई! माय माय माय! शेरडं चारता चारता आमी गडबडा लोळलो."

ही त्यांची रीत. डोंगरात एखादी बाई एकटी दिसली, मग ती ओळखीची असो नसो, की जिला दिसली ती पुढच्या टेकडीला हाळी देते. पुढचीनं "दिसली" म्हटल्याशिवाय पहिलीनं जागा सोडायची नाही. बाईचं नाव कधी घ्यायचं नाही.

"शेळी कावून म्हणायचं?" समिंदराबाईनंच प्रश्न करून उत्तर दिलं. "बाई म्हणलं की साऱ्या डोंगराला कळतं, बाई एकटी हाय. शेळी म्हणलं की गड्याला वाटतं, ह्या बाया शेरडं हुडकितेत. तो कान देत न्हाई. रंग लुगड्याचा न्हाईतर ओझ्याचा घ्यायचा."

"आणि कुणी त्रास द्यायला आलं तर?"

"लांडगा लागला म्हणायचं."

"इथे खरे लांडगे आहेत ना?"

"हायेत की."

"मग खरा लांडगा आला तर काय म्हणता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कांता म्हणाली, "त्याला मोठं कुत्रं म्हणतो. तो बिचारा एक पिल्लू नेतो आन् जातो."

समिंदराबाईनं मला आणखी काही गोष्टी सांगितल्या. एकटीनं पाणवठ्यावर बसायचं नाही, पाणी भरायचं आणि वर चढून प्यायचं. कुणी कुठे चाललात विचारलं तर मागच्या गावाचं नाव सांगायचं, पुढच्या गावाचं कधीच नाही. एकटीच का विचारलं तर माणसं मागून येतायत म्हणायचं. आमच्या वर्गातल्या आठ रविवारांत यातलं एकही वाक्य नव्हतं. तिथे सगळं शिक्षण हात पडल्यानंतरचं होतं.

खिंड

तिसऱ्या दिवशी पहाटेच मोरांचे आवाज. नायगावचं मोरांचं रान इथून जवळ आहे. वस्तीपासून निघाल्यावर अर्ध्या तासात सात मोर पाहिले, त्यातला एक तर भुईमुगाच्या शेतात मालकासारखा फिरत होता.

पुढे एक गाव लागलं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन माणसांवरून गाव ठरत नाही. तिथे चहाच्या हॉटेलात मी मोबाइलवरचा नकाशा उघडून हॉटेलवाल्याला मोठ्यानं वाट विचारली. खिंडीतून जाता येतं का, किती वेळ लागतो, सगळं. आदल्या संध्याकाळी ऐकलेलं सकाळी विसरले. वाट नीट समजून घ्यायची ही वीस वर्षांची सवय. बाकावर दोन माणसं बसली होती. एक पांढऱ्या शर्टातला, तिशीचा. दुसरा चष्मेवाला. त्यांनी काहीही विचारलं नाही. विचारायची गरजच ठेवली नव्हती मी.

गाडीवाटेनं पंधरा मिनिटं चालले असेन, मागे मोटारसायकल ऐकू आली. चेन सैल होती. सैल चेन कव्हरला घासते तेव्हा एक विशिष्ट खळखळ येते. हा आवाज माझ्या दुकानासमोर दिवसातून दहा वेळा येतो. गाडी पुढे जात नव्हती, मागेच रेंगाळत होती. मी थांबले की तीही थांबायची. मग आवाज बंद झाला. जरा हायसं वाटलं. वीस मिनिटांनी तीच खळखळ समोरून, खिंडीच्या तोंडाशी ऐकू आली. त्यांनी डोंगराला वळसा घातला होता.

मागे फिरायला हवं होतं. पण मी तीन वर्षांपूर्वी मागे फिरले होते, आणि हा हट्ट मला खिंडीत घेऊन गेला. हा शहाणपणा नव्हता. वाचणाऱ्या बायकांनी हे करू नये.

दोघं वाटेवर उभे होते.

"का बाई, एकट्याच?" पांढऱ्या शर्टाचा म्हणाला.

"माणसं येतायत मागून."

"कुठं हायेत? आमी मगापासनं मागंच व्हतो तुमच्या. कुनीच न्हाई."

चष्मेवाला हसला. "पानी पाजा की जरा. एक फोटू काढू संगं."

"वाट सोडा."

"आमच्याच गावची वाट हाय, बाई." असं म्हणून त्यानं माझं मनगट धरलं.

अंगठ्याच्या बाजूनं झटका. हात सुटला. आठ रविवारांची फी त्या एका क्षणात वसूल झाली, पण त्यामुळे ते मागे हटले मात्र नाहीत.

"कराटेवाली हाय बे ही!" चष्मेवाला ओरडला, आणि दोघं आता एकमेकांना खेटून उभे राहिले. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणजे फवारा बाद. मी पाठ कातळाला लावली आणि काठी पुढे धरली. समोरच्या उतारावर शेळ्या दिसत होत्या, त्यांच्यामागे दोन बाया. मी शिट्टी तोंडात धरून सगळा जीव लावून फुंकली. तीनदा.

त्या दोघींनी मान वर केली. मग घाईघाईनं शेळ्या वळवल्या आणि टेकाडापलीकडे निघून गेल्या. उतार रिकामा झाला.

"गेल्या की," पांढऱ्या शर्टाचा म्हणाला. "आता?"

मी तोंडातली शिट्टी टाकून दिली. पहिल्यांदा ओरडले तेव्हा घशातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज फुटला.

"तांबड्या शेळीला लांडगा लागलाऽऽ!"

"येडी हाय का बे ही? कसली शेळी?"

"लांडगा लागलाऽऽ! खालच्या खिंडीतऽऽ!"

टेकाडापलीकडून लगेच उत्तर आलं, जणू कुणी वाटच बघत होतं. "किती हायेत लांडगेऽऽ?"

"दोनऽऽ!"

मग डावीकडून दुसरा आवाज, वरून तिसरा, मागून चौथा, आणि कुत्री. एकही शब्द माझ्याशी बोलत नव्हतं कुणी. त्या एकमेकींना जागा सांगत होत्या: तू वढ्याकडनं ये, तू वरनं घे, कुत्री म्होरं सोड. शेरडं गोळा करायला जशा उतरतात तशा उतरल्या, घेर धरून, न पळता. पहिली दिसली ती कांता. तिच्या हातात गोफण होती. ती एकदा डोक्याभोवती गरगरली आणि खिंडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या टाकीवर ठण्णकन दगड बसला.

"ए माझी गाडी!" पांढऱ्या शर्टाचा ओरडून तिकडे धावला. दुसरा धोंडा त्याच्या आधी पोचला. हेडलाइट गेला. समिंदराबाई आकडी घेऊन कातळावरून वाकून बघत होती.

"कुनाचा रं तू?" ती म्हणाली. "थांब. नाक तर वळखीचं दिसतंय."

ते ऐकताच दोघं जे निघाले, ते सैल चेनीचा आवाज डोंगर उतरेपर्यंत ऐकू येत राहिला.

मी खाली बसले. कांतानं पाण्याची बाटली दिली.

"माणसाला नाही मारलंस," मी म्हणाले.

"माणसाला मारलं तर केस आमच्यावर व्हती. गाडीला मारलं तर हा घरी काय सांगल? पोचा कशानं पडला?"

समिंदराबाई मात्र चिडली होती. "शिट्टी कोण वाजवीत व्हतं?"

"मीच."

"मग हाळी कावून न्हाई दिली आधी? शिट्टी म्हंजी बाप्या! डोंगरात शिट्टी आली की आमी शेरडं वळवितो. पोरीबाळींना तेच शिकवितो. खिंडीत कोण हाय ते तिथनं दिसत न्हाई. आमी म्हणलं, आला कुनीतरी टवाळ, चला पलीकडं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्यापासनंच लांब गेलतो आमी."

शिट्टी वाजली की मदत येते, हे माझ्या गावाचं गणित. इथल्या बाईला आजवर शिट्टी फक्त एकाच कामासाठी ऐकू आली आहे, आणि तिनं त्यावरून काढलेला नियम बरोबरच होता.

गाडीचा नंबर मी पाठ केला होता. रेंज आल्यावर पोलिसांना कळवला. त्यांनी नोंद घेतली, पुन्हा फोन करून विचारपूसही केली. समिंदराबाईचा विश्वास वेगळ्या यंत्रणेवर होता. "त्याची माय माझ्या माहेरची हाय. मी सांजच्याला जाते. आज त्याला भाकर मिळत न्हाई."

मग तिनं विचारलं, "सडकंला सोडू का? दुपारची एष्टी घावंल."

खरं सांगायचं तर मला ती एष्टी हवी होती. "तुम्ही काय केलं असतं, आक्का?"

"आमाला इचारता?" तिला प्रश्नच कळला नाही. "आमी कुठं जानार? शेरडं उद्या बी खाणार की."

कांतानं दुरडीतून भाकरी काढली. मी ती बसून खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत, आणि सॅक पाठीवर टाकून उठले. सोबत कुणी आलं नाही. मी सोबत मागितलीही नाही. खिंड ओलांडून वर आले तेव्हा मागून समिंदराबाईची हाळी आली, पुढच्या टेकडीसाठी. मी मुक्कामाच्या गावात पोचेपर्यंत ती चार टेकड्यांवरून फिरत माझ्या पुढे पुढे गेली. त्यातल्या एकीचंही तोंड मी पाहिलं नाही.

कपिलधार

शेवटच्या दिवशी फारसं काही घडलं नाही. सरळ वाट, थंड हवा, एका शेतात बसून मीठ लावून उकडलेल्या कोवळ्या शेंगा. दुपार कलताना कपिलधारच्या दरीच्या वरच्या धारेवर आले. खाली देवस्थान दिसत होतं, झाडी, पाण्याची रेघ, थांबलेल्या दोन जीपगाड्या. उतरायला वीस मिनिटं. फोनला रेंज होती. नवऱ्याला सांगितलं, पोचलेच.

फोन खिशात टाकते तोच मागच्या टेकडीवरून हाळी आली.

"पांढरी शेळी दिसली का गंऽऽ?"

मी पुढच्या टेकडीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. शेळ्या नाहीत, बाई नाही. धारेवर मी एकटीच होते. हाळी पुन्हा आली, या वेळी जरा चढ्या आवाजात. खाली जीपचा ड्रायव्हर भोंगा वाजवून शेवटची माणसं बोलावत होता. मी सॅक उतरवली आणि दगडावर बसले.

दहा मिनिटं गेली. शेवटची जीप निघून गेली. मग मागच्या टेकडीकडून येणाऱ्या वाटेवर, खालच्या वळणाला, एक बाई दिसली. पांढरी साडी, काखेत रजिस्टरांची पिशवी, बहुधा अंगणवाडीची. ती भराभर वर येत होती. वळण घेतलं आणि तिला मी दिसले: अनोळखी, पँट घातलेली, हातात काठी, वाट अडवल्यासारखी बसलेली. तिनं पिशवी छातीशी घेतली, नजर खाली केली आणि चालण्याचा वेग वाढवला.

मी उठून वाटेबाहेर झाले, तोंडाभोवती हात धरले आणि मागच्या टेकडीकडे तोंड करून ओरडले,

"दिसलीऽऽ! पांढरी दिसलीऽऽ!"

तिची पावलं सावकाश झाली.